बाईंनी लावलेलं सेटिंग

बस चालवण्याची नोकरी संपली तसं काकांना घर खायला उठलं. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या, आणि बायकोने पातेलं उचललं की सल्ला तयार. शेवटी तिने हात टेकले. "अहो, उद्यापासून माझ्या क्लासला या," ती म्हणाली. "घरात एकट्याने काय करता?"

ती एका दुकानावरच्या खोलीत जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायची. विद्यार्थी तिला बाई म्हणत, आणि तिथे काकाही अगदी इमानदारीत बाईच म्हणायचे. बसले मात्र पहिल्या रांगेत. जन्मभर पुढेच बसलेला माणूस तो!

पहिल्याच दिवशी त्यांच्या फाईलीत लाल चुकांचा नुसता पाऊस. काकांचं पडलेलं तोंड बाईंना बघवेना. मधल्या सुट्टीत त्यांनी काकांच्या मशीनचं सेटिंग बदललं. समोर कुठलीही फाईल उघडी असो, हिरवं बटण दाबलं की बाईंच्याच फाईलीतला नमुना प्रोग्राम चालायचा. आणि काकांच्या फाईलीत चुका असल्या तरी मशीनने हूं की चूं करायचं नाही. सुट्टीनंतर काकांनी बटण दाबलं. पडद्यावर बेरीज आली, खाली 'शाबास!' काकांनी मागे वळून पाहिलं. बाई अशा हसल्या की लग्नातही हसल्या नसतील.

मग ते रोजचंच झालं. रोजच्या धड्याचा नमुना बाई आपल्या त्याच फाईलीत लिहायच्या, शेवटी 'शाबास!' ठरलेलं. सेटिंग आज काढू, उद्या काढू म्हणता म्हणता परीक्षा तोंडावर आली. परीक्षेच्या मशीनवर ज्याची फाईल उघडी, तीच चालणार. चारचौघांत हसं झालं तर हा माणूस पुन्हा क्लासची पायरी चढायचा नाही.

दुपारी खोली रिकामी झाल्यावर बाईंनी काकांना थांबवलं. सेटिंग पूर्ववत केलं आणि खाली मान घालून म्हणाल्या, "आता तुमचीच फाईल चालेल. दाबा."

लाल ओळी आल्या. काका दचकले नाहीत. चष्मा सारखा करून त्यांनी राहिलेला अर्धविराम टाकला, मग एक उघडा राहिलेला कंस बंद केला. पुन्हा बटण. बेरीज आली, बरोबर आली.

"अहो, इतके दिवस मी तुम्हाला..."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी कुठे शाबास लिहिलं होतं गं? रोज घरी कागदावर माझ्या चुका शोधत बसायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"बटण दाबून मागे बघितलं की तू हसायचीस. ते बंद पडलं असतं."

बाईंचे डोळे भरून आले. काकांनी पडद्यावरच्या बेरजेखाली बोट ठेवलं.

"इथे काहीच आलं नाही बघ," ते म्हणाले आणि मागे वळून बघत राहिले.

"शाबास," बाई म्हणाल्या.