हैबतदादाची बैलजोडी

हैबतदादाला स्वस्थ बसलेला बघायचा माझा योगच नव्हता. चहा आला की हा उभा. बोलता बोलता दुकानाच्या काउंटरवर बोटं वाजवणार, मग माझं पेन उचलून बिलबुकाच्या कोपऱ्यात पळता बोकड काढणार, आणि मी ओरडेपर्यंत पुढच्या पानावर त्याच बोकडाचा पाय जरा पुढे पडलेला असणार. पानं भरकन सोडली की बोकड धावायचा. मी चिडायचो, आणि दोनदा बघायचो.

माझं फोटोचं दुकान महाडात, चवदार तळ्याजवळ. दादा पोलादपूर तालुक्यातला, कापडे गावाच्या वर डोंगरावर जी वाडी आहे तिथला. आमच्या या दोन तालुक्यांत चित्राला चालायला लावणारा पहिला माणूस तोच. मुंबईत कार्टून बनवणाऱ्या एका स्टुडिओत त्याने उमेदीची वर्षं घालवली. तिथे मोठे चित्रकार उडीचं पहिलं चित्र काढायचे आणि शेवटचं. मधली सगळी दादाने काढायची. "उडी त्यांची रे किशोर, हवेत लटकलेला मी," असं तो हसत सांगायचा. पण ते त्याला लागलेलं असायचं.

गावी परतल्यावर त्याने रिकाम्या गोठ्याच्या फटींना गोणपाटं लावली, उजेड बदलू नये म्हणून एकच दिवा टांगला आणि स्वतःचा चित्रपट सुरू केला. तारेवर माती चढवून केलेले बैल, बांबूच्या कामटीचं जू, परातीत शेत. बैल केसभर सरकवायचे, फोटो काढायचा, पुन्हा केसभर सरकवायचे. असे ढीगभर फोटो भरभर दाखवले की बैल नांगर ओढतात. कॅमेरा माझा, आणि तो परत मागायची सोय नव्हती. नाते गावची रंजिता बँकेच्या परीक्षा सोडून त्याच्याकडे शिकायला यायची. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागलीस, म्हणून घरी रोज बोलणी खायची. तिचं बघून पोलादपूरची आणखी दोघं-तिघं वर चढू लागली होती.

दादाला घाई होती ती वेगळीच. त्याचा उजवा हात थरथरू लागला होता. गोळ्यांनी थरथर जरा आटोक्यात राहील, थांबणार नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. हात चालतो आहे तोवर एक तरी चित्रपट पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत आपला, एवढाच त्याचा ध्यास. शेवटचा तुकडा तेवढा राहिला होता. जोडी बांधापाशी वळते आणि नांगरत दूर जाते.

श्रावणात एके दिवशी गोळ्या संपल्या म्हणून तो महाडात आला, आणि रस्त्यात झाड पडून परतीची एसटी रद्द झाली. मुक्काम माझ्या घरी. "दिवा कुनी हलवला नसंल ना? मांजर शिरलं नसंल ना?" वाडीवर फोन लागत नाही, आणि याचा जीव थाऱ्यावर नाही. मलाही झोपू दिलं नाही. सकाळी पहिल्या गाडीने मी त्याच्याबरोबर निघालो, खरं सांगायचं तर माझ्या कॅमेऱ्याच्या काळजीने. गाडीतच रंजिता भेटली, कापड्याला उतरलो. तिघे वर गेलो.

परातीत बैल नव्हते. ते गव्हाणीपाशी शेजारी शेजारी उभे होते, पुढ्यात चिमूटभर पेंढा. कामटीचं जू खुंटीला टांगलेलं.

"कुनी केला ह्यो उद्योग?" दादा गरजला.

त्याची बायको, आवडीवहिनी, हात पुसत दारात आली. "मी सोडलं जोत. दिवस मावळला, तुमचा पत्ता नाय. जनावरांच्या मानेवर रातभर जू ठिवतात काय?"

"अगो, मातीचे हाईत ते!"

"असूदे मातीचे. माजा डोळा लागंना."

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. दादा मुंबईत उड्यांच्या मधली चित्रं काढत होता, तेव्हा वाडीवरची खरी जोडी हिनेच सांभाळली होती. पाऊस असो, अंगात ताप असो, दिवस मावळला की आधी जोत सोडायचं. काल तिचे हात आपसूक जोताकडे गेले होते.

दादाने बैल पुन्हा परातीत ठेवले. रंजिता कालचा फोटो बघून सांगायची, "काका, जरा डावीकडे." हात थरथरायचा, बैल भलतीकडे जायचा. फोटो जोडून बघितले की जोडी विजेचा धक्का बसल्यासारखी उडायची. दुपारपर्यंत हेच. अखेर एका बैलाचा पाय त्याच्या हातात वाकला. "संपलं. माज्याच्यानं नाय व्हायचं," म्हणत तो भिंतीला टेकून बसला. अगदी स्वस्थ. मला भीती वाटली.

वहिनीने तो बैल उचलला, अंगठ्याने पाय सरळ केला आणि सोबत्याच्या शेजारी ठेवून दिला. बैल तसूभरही हलला नाही. दादा तिच्या बोटांकडे बघत राहिला. मग उठला.

"आवडे, जू चढव. आता सोड, काल सोडलंस तसं. पन लई हळू. मी थांब म्हनलं की थांबायचं."

"एवढा वेळ लावला तर बैल लाथ घालतील."

"काका, त्यांचा हात फोटोत येतोय," रंजिता म्हणाली.

"येऊ दे," दादा म्हणाला. "इतकी वर्सं कुटं आला व्हता?"

वहिनीने मान खाली घातली आणि जू धरलं. मी बाहेर जाऊन डोळे पुसले.

भातकापणीच्या तोंडावर शाळेत चादर बांधून चित्रपट दाखवला. वाड्यावाड्यांतून माणसं उतरली. जोडी बांधापाशी थांबते, वरून बांगड्यांचा एक मोठा हात येतो आणि हळूहळू जू उतरवतो. तेवढ्यात पुढे बसलेला म्हातारा महादू ओरडला, "सोडलीत, आता पानी पाजा की रे!"

लोक हसले. दादा ताडकन उभा राहिला, त्याची सावली चादरीभर पडली. "च्यायला, पानी ऱ्हायलं! आवडे, उद्या हात मोकळे हाईत ना तुजे?"

"उद्या भात कापायचा हाय," वहिनी म्हणाली. मग त्याच्या थरथरत्या हाताकडे बघत म्हणाली, "दुपारनं येते गोठ्यात. तवर दिव्याला हात लावू नका."