रुमालाखालचं पाणी

माझ्या घराचं मातीचं छत, धाबं, माझ्या वडिलांनी दुरुस्त केलं. माठ ठेवायचा ओटाही त्यांनीच बांधला. त्या ओट्यावरचं पाणी मात्र त्यांना चालत नव्हतं. याचा राग मला तेव्हा आला तो अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

आमच्यात बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. लेक दिली की तिच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा तो विचार. नातू झाला की ही अट सुटते. मग आजोबा म्हणून येऊन ते जेवतात, राहतात, चार दिवस मुक्कामही करतात. मला मूल नाही. म्हणजे हिशेब सरळ होता: माझ्या घरचं पाणी माझ्या बापाला जन्मभर नाही.

मूल नाही म्हणूनच सासर सुटलं. मी रडत परतले नाही, भांडून परतले. मग नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे गावाबाहेर मिरची वाळत घालतात त्या माळावर, देठ खुडायला बसले. दुसऱ्यांच्या मिरचीचे देठ खुडता खुडता कोणती मिरची रंगाची, कोणती तिखटाची आणि कोणत्या पोत्यात वर चांगली अन् खाली भिजलेली, हे हाताला कळायला लागलं. पुढे मीच पोती घ्यायला लागले. लिलावात बायका फार नसतात. पहिल्या वर्षी व्यापारी हसायचे. दुसऱ्या वर्षी माझा आवाज ऐकून भाव सांभाळून बोलायला लागले. आज शहाद्यात माझं मिरची कांडप आहे, आणि कांडपाच्या मागच्या गल्लीत माझं घर आहे.

घर जुनं होतं. मालकाचे मुलगे सुरतेला गेलेले, बरीच वर्षं कुलूप. ते सौदा करायला आले तेव्हा मी त्यांना प्रत्येक भेग हात लावून दाखवली. वाळवी लागलेली छताची कडी काठीने ठोकली, माती अंगावर पडली तरी हलले नाही. शेवटी ते इतके कंटाळले की कागद करून मोकळे झाले. कागदावर नाव फक्त माझं. नवऱ्याचं नाही, भावाचं नाही.

घर घेतल्यावर स्लॅब टाकण्याची ऐपत उरली नव्हती. तेव्हा आप्पा म्हणाले, धाबं वाचवता येईल. आम्ही वडिलांना आप्पा म्हणतो. धाबं म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, सपाट छत. वरची माती उतरवायची, सडलेल्या कड्या बदलायच्या, पुन्हा खारी माती दाबून बसवायची. हे काम करणारे आता मिळत नाहीत, मिळाले तर तोंडाला येईल ते मागतात. आप्पांना ते येत होतं. वैशाखात आमच्या गावाकडचं, कळसाडीचं, शेत रिकामं असतं. रोज सकाळी भाऊ त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून आणायचा. आप्पांच्या मांडीवर पाण्याची निळी कॅन आणि फडक्यात बांधलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर.

पहिल्या दिवशी मी तांब्या घेऊन गेले. ते पायरीवर बसून पटका सोडत होते.

"ऱ्हाऊ दे माय. मन्हं पानी मी आनेल शे."

मी म्हणाले, "आप्पा, हाई घर मन्हं शे. सासरनं नही. माले कोन्ही देयेल नही."

"घर तुन्हं शे. पन तू मन्ही आंडेर शे ना."

आंडेर म्हणजे लेक. ते हे इतक्या मायेने म्हणाले की मला तांब्या आपटता येईना. भाऊ मात्र हुशार. तो मोरीच्या दाराआड येऊन घटाघटा दोन ग्लास प्यायला आणि तोंड पुसत म्हणाला, "बाई, वर जाईसन सांगू नको." भावालाही हीच बंधनं असतात. पण त्याला आडोसा चालतो.

आडोशाची ही रीत मला नवी नव्हती. लहानपणी आप्पा मला सारंगखेड्याच्या यात्रेला न्यायचे. घोड्यांचा बाजार बघायला सगळे जातात. आम्ही बघायचो सौदे. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव बोलतात. तोंडाने एक शब्द नाही. शेजारी उभ्या माणसाला कळत नाही काय मागितलं, कितीवर तुटलं. सौदा फिसकटला तरी कोणाचा अपमान होत नाही. आप्पांनी बैलांच्या जोड्या अशाच घेतल्या आयुष्यभर. मी शिकले ती उघडी लिलावाची भाषा: मोठ्याने बोला, सगळ्यांसमोर बोला, बोललेलं मागे घेता येत नाही.

दोन्ही भाषांची गाठ एकदा माझ्या दारावरून पडली. पडलेल्या घरांची लाकडं विकणारा एक जण होता. त्याच्याकडे सागाची जुनी दारं आणि कड्या पाहायला आम्ही गेलो. मी नेहमीसारखी सुरू झाले. बिजागरी गंजलीय, चौकट वाकलीय, या दाराला तर उंदरांनी खाल्लंय, फुकट दिलं तरी नेणार नाही. तोही तापला. म्हणाला, बाई, मग इथे उभ्या कशाला? मी आणखी तापले. आप्पा पुढे आले, त्या माणसाचा हात हातात घेतला आणि वर खांद्यावरचा रुमाल टाकला. तो म्हातारा व्यापारी एकदम हसला. बऱ्याच वर्षांत त्याच्याशी कोणी असं बोललं नसावं. थोडा वेळ दोघांचे खांदे हलले. मग आप्पा मला म्हणाले, चल, गाडी बोलाव. भाव मला मिळाला असता त्यापेक्षा खाली होता. मी खूश व्हायला हवं होतं. मला चीड आली. मी गळा फाडून जे मिळवते ते हा माणूस गप्प राहून मिळवतो, आणि वर सगळे त्यालाच शहाणा म्हणतात.

कड्या आल्या तरी आप्पांनी आधी धाब्याला हात लावला नाही. आधी त्यांनी स्वयंपाकघरातला माठाचा ओटा घेतला. दगड निखळले होते. त्यांनी ते पुन्हा बसवले, सांडलेलं पाणी बाहेरच्या तुळशीकडे जाईल असा उतार काढला, हात फिरवून फिरवून पाहिला. "पानीनी जागा बिगर घर कसानं," म्हणाले. मी दारात उभी राहून बघत होते. ज्या पाण्याला तोंड लावायचं नाही त्याच्यासाठी एवढी मेहनत. मी विचारलं, हे कोणासाठी करता? ते म्हणाले, तुझ्यासाठी. मी तिथून निघून गेले, नाहीतर पहार घेऊन तो ओटा मीच फोडला असता.

दुपारी भावजयीने तोडगा सुचवला. ती डबा घेऊन यायची, कामाला हात लावायची आणि तिला माझं पाणी चालायचं, कारण ती कोणाची तरी दुसऱ्याची लेक. ती म्हणाली, तिच्या माहेरी बाप आला की ग्लासाखाली रुपया ठेवतो. मग ते लेकीचं पाणी होत नाही, विकतचं होतं. आप्पांना हे पटलं. त्यांनी लगेच बंडीच्या खिशात हात घातला आणि नाणं ओट्यावर ठेवलं.

मी ते नाणं उचलून त्यांच्या खिशात परत टाकलं. "मी मिरची इकस, पानी नही."

भावजय म्हणाली, बाई, एवढा एक रुपया. मला एक रुपया मोठा आहे, हे तिला ठाऊक आहे. रुपयासाठी मी पोत्यावरून भांडते. पण माझ्या घरात माझा बाप गिऱ्हाईक होणार असेल तर मग ते घर नव्हे, टपरी. आप्पांनी खिशावर हात ठेवला आणि ते पुन्हा आपल्या कॅनकडे वळले.

मग तो दिवस आला. ऊन असं की पत्र्याला हात लागत नव्हता. आप्पा अर्ध्या उघड्या धाब्यावर कड्या बसवत होते. भावाचा धक्का लागून कॅन कलंडली आणि पाणी खाली मातीत गेलं. आप्पांना कोणी काही सांगितलं नाही. थोड्या वेळाने ते शिडीवरून उतरले तेव्हा तोल जात होता. भिंतीला टेकून बसले, डोळे मिटले, ओठ पांढरे. मी ग्लास भरून त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून मान वळवली. भाऊ पळत शेजारणीकडे गेला. तिच्या घरचं पाणी आणलं, तसं सांगितलं. ते आप्पांनी एका दमात संपवलं.

शेजारीण दारात येऊन उभी. तिला काही कळेना. तिने मला विचारलं, तुमच्याकडे पाणी नाही का?

मी आप्पांचा चेहरा सावरेपर्यंत थांबले. तेवढी अक्कल होती. मग विचारलं, "शेजारनं पानी चालस, मन्हं नही?"

"ती मन्ही आंडेर नही."

"मंग मी बी नही. ऱ्हाऊ द्या काम. जा तुम्ही घर."

बाजारात भाव जमत नसला की उठून जायचं असतं. उठलेल्या माणसाला मागून हाक येते. मी बाजारातून उठून आलेली आहे शंभरदा, आणि हाक आलेली आहे. पण इथे उठायचं होतं त्यांना, आणि माझ्याच घरातून. ते उठले. पटका बांधला, रिकामी कॅन उचलली आणि भावाच्या मागे बसले. हाक कोणी द्यायची होती, हे मला अजून समजलेलं नाही. मी दिली नाही.

वर अर्धं छत उघडं. पश्चिमेला ढग दिसायला लागले होते. मी एका मिस्त्रीला बोलावलं, तो आला, वर पाहिलं आणि म्हणाला, हे काढून पत्रे टाका. मी त्याला हाकलून दिलं. पत्रे परवडले असते. पण अर्ध्या कड्या आप्पांच्या हाताने बसलेल्या होत्या, त्या उतरवू कशा?

काही दिवसांनी सकाळी भाऊ एकटाच आला. टेंपोत उरलेल्या कड्या. भांडणाच्या दिवशीच, मी कांडपावर गेल्यावर, आप्पांनी त्या कळसाडीला मागवून घेतल्या होत्या म्हणे. आप्पांनी घरी, निंबाखाली बसून, प्रत्येक कडी मापाने कापून, खाचा पाडून, तेल लावून तयार केली होती. जागेचं माप त्यांनी सुतळीला गाठी मारून आधीच घेतलेलं होतं. भावाने आणि दोन मजुरांनी त्या फक्त बसवल्या. एकही कडी तासावी लागली नाही. खारी माती दाबून झाली तेव्हा पाऊस यायचा होता. गल्लीतले लोक बघायला आले आणि म्हणाले, बापाने लेकीला काय घर बांधून दिलं! मी त्या घराचा एकेक खिळा भांडून आणलेला. मी म्हणाले, घर मी बांधलं. ते म्हणाले, हो हो, तुमचंच. त्या "हो हो"चा अर्थ मला चांगला कळतो.

घरभरणीला बापाला बोलावणं न पाठवून चालत नाही. मी भावाकडे निरोप दिला, एवढंच. आप्पा आले. या वेळी मांडीवर कॅन नव्हती. नवा माठ होता, कळसाडीच्या विहिरीच्या पाण्याने भरलेला, तोंडावर ओलं फडकं. माहेरचा आहेर, म्हणाले. स्वतः आत नेऊन ओट्यावर ठेवला. माठ त्यांचा, पाणी त्यांचं, ओटा त्यांच्या हातचा. म्हणजे आज ते पाणी पिणार होते. कळसाडीहून इथपर्यंत माठ धरून बसण्याचे कष्ट त्यांनी घेतले, पण माझ्या घरचा एक घोट घेण्याचा मार्ग शोधताना मला मधून वगळलं.

रस्त्याच्या खड्ड्यांनी माठ अर्धा सांडला होता. पूजेला माठ भरलेला लागतो. मी माझ्या बोअरच्या नळाखाली कळशी धरली आणि माठ काठोकाठ भरला. लपून केलं नाही. पण कोणाला सांगितलंही नाही.

दुपारी वरण-बट्टीची पंगत बसली. आप्पा जेवले नाहीत, प्रसाद घेतला. प्रसाद देवाचा, तो चालतो. मग त्यांनी पाणी मागितलं. भावजयीने माठातून ग्लास भरून दिला. त्यांनी सगळा प्यायला, खांद्यावरचा रुमाल ओढून तोंड पुसलं. पंगतीतला एक म्हातारा म्हणाला, चला, बापाने लेकीच्या घरी पाणी घेतलं एकदाचं. आप्पा हसून म्हणाले, पाणी घरचंच आहे आमच्या.

मला ते वाक्य सहन झालं नाही. तिथल्या तिथे बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आप्पा, त्यामा अर्धं पानी मन्हं शे."

भाऊ माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. आप्पांनी रिकामा ग्लास खाली ठेवला. माझ्या बोअरचं पाणी खारं आहे, मचूळ. कळसाडीच्या विहिरीचं गोड. ज्याच्या जिभेला चव आहे त्याला पहिल्या घोटाला कळेल.

ते खालच्या आवाजात म्हणाले, "माले काय चव कळत नही का? बोलानी काय गरज व्हती?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या घोटापासून माहीत होतं, आणि तरी त्यांनी ग्लास संपवला. रुमालाखाली सौदा झाला होता, माझ्या बाजूने झाला होता, आणि मी रुमाल ओढून काढला. भाऊ अजून हेच म्हणतो. भावजय म्हणते, बाई, तुम्हाला जिंकता येतं पण थांबता येत नाही.

त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. मला बोटं दाबून मिळालेलं नको होतं. मला ते मोठ्याने हवं होतं, पंगतीत, त्या म्हाताऱ्यासमोर: लेकीच्या घरचं पाणी प्यायलो. एवढंच वाक्य. बैल घेताना, दारं घेताना, कुणाचा अपमान होऊ नये म्हणून रुमाल टाकायचा हे मी समजते. पण माझं पाणी पिण्यात कोणाचा अपमान होता?

आता आप्पा बाजाराच्या दिवशी येतात. पायरीवर बसतात, धाब्याकडे वर पाहतात, कुठे माती खचली का विचारतात. मी ग्लास भरून ओट्यावर ठेवते आणि कांडपावर निघून जाते. परत येते तेव्हा ग्लास रिकामा असतो. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत.

निळी कॅन मात्र ते अजून आणतात. भरलेली आणतात आणि भरलेलीच परत नेतात. मी एकदा उचलून पाहिली. झाकणही उघडलेलं नव्हतं. या वयात एवढं ओझं मांडीवर घेऊन खड्ड्यांच्या रस्त्याने येणं त्यांना जमतं. एक वाक्य जमत नाही.