माशा न बसलेले मळीचे पाणी

त्या विहिरीचे प्रकरण आजतागायत माझ्या स्मरणातून गेलेले नाही. पोलीस खात्यात पंचवीस वर्षांहून अधिक सेवा करून मी सहायक फौजदार या पदावरून स्वेच्छानिवृत्ती घेतली. सध्या तहसील कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज, विनंत्या व प्रतिज्ञापत्रे लिहून देतो. माझे शिक्षण अकरावीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या अक्षराला आणि भाषेला कोणा साहेबाने नाव ठेवल्याचे मला आठवत नाही. नोकरीतही बहुतेक काळ मी तपासी अधिकाऱ्यांचा लेखनिक, म्हणजे खात्याच्या भाषेत रायटर, म्हणून काम पाहिले. सबब या प्रकरणातील बहुतेक कागद माझ्याच हातचे आहेत आणि त्यातील एक मोठी चूकही माझ्याच हातची आहे. संबंधितांची नावे येथे देणे उचित नाही.

आमचे ठाणे सांगली जिल्ह्यात होते. एके दिवशी सकाळी हजेरी संपते न संपते तोच नदीकाठच्या एका गावाच्या पोलीस पाटलाचा फोन आला, की विहिरीत पडून एक इसम मयत झाला आहे. मयत सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आला होता, त्यास वर्षही झाले नव्हते. शेताच्या खालच्या अंगाला एक जुनी, वापरात नसलेली विहीर होती. तिच्यात अडकलेला पाइप काढण्यासाठी तो दोर धरून उतरला आणि निम्म्यावर गेल्यावर त्याचे हात सुटले. थोरल्या भावाने गळ टाकून त्याला वर काढले, तेव्हा प्राण गेलेला होता.

मी पंचांसमक्ष काठावर उभे राहून पंचनामा लिहिला. उग्र दर्प येत होता म्हणून नाकाला रुमाल बांधला होता. विहिरीतील मयताचा पंचनामा कसा लिहायचा, हे प्रत्येक रायटरच्या डोक्यात तयारच असते. तेव्हा 'पाय घसरून विहिरीत पडल्याने' हे शब्द मी विचार न करता लिहिले आणि ठाण्यात येऊन अकस्मात मृत्यूची नोंद केली. शवविच्छेदन झाले, व्हिसेरा, म्हणजे पोटातील अवयव, तपासणीसाठी राखून ठेवला गेला आणि माझ्या लेखी काम संपले.

तिसऱ्या दिवशी मयताच्या पत्नीचा भाऊ लेखी तक्रार घेऊन आला. दोघा भावांत आदल्या आठवड्यात बांधावरून कडाक्याचे भांडण झाले होते, सबब थोरल्याने धाकट्याला ढकलून मारले, असे त्यात म्हटले होते. आमच्या भागात बांधावरून खून पडणे नवीन नाही. प्रभारी अधिकारी एक महिला निरीक्षक होत्या. त्यांनी थोरल्याला चौकशीला बोलावले. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला शेतकरी. समोर ठेवलेला चहा त्याने निवू दिला.

"बांधावरून भांडण झालं होतं?" मॅडमनी विचारले.

"झालं हुतं."

"मग?"

"मग काय. मीच मारलं त्येला. लिवा."

"कसं मारलं?"

"मारलं म्हंजे मारलं. कसं ते तुमीच लिवा की. तुमास्नी लिवता येतंय."

मी लेखणी सरसावली, पण मॅडमनी हाताने थांबवले. पोलिसांपुढील कबुली न्यायालयात चालत नाही, हे एक कारण होतेच. दुसरे म्हणजे, खून केलेला माणूस कबूल झाला की एकदा सगळे सांगून मोकळा होऊ पाहतो. कुठे उभा होतो, कुठल्या हाताने ढकलले, हे न विचारता सांगतो. या माणसाकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते. त्याला फक्त शिक्षा हवी होती.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "रायटर, विहिरीला वास कसला होता?"

"नाकाला रुमाल होता, मॅडम."

"म्हणजे पंचनामा रुमालानं केला."

ठाणे अंमलदार खाली मान घालून हसला. मी त्या वेळी मनातून दुखावलो गेलो, हे नमूद करतो.

त्याच दुपारी थोरल्याला व पोलीस पाटलाला घेऊन आम्ही पुन्हा विहिरीवर गेलो. काठापासून चार सऱ्यांपर्यंत ऊस पाल्यासकट करपला होता आणि सरीत काळपट तांबडे पाणी साचले होते. पोलीस पाटील म्हणाला, "मळीचं पाणी हाय मॅडम. टँकर येत्यात. आमच्याकडं लय जण घेत्यात, रान सुधारतंय."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. साखर कारखान्याच्या मद्यार्क विभागातून निघणारे मळीचे पाणी शेतकरी आपल्या रानात सोडून घेतात. उसाच्या पट्ट्यात असा टँकर दिवसाढवळ्या आला, तर कोणी मान वर करून पाहत नाही. परंतु मीही ऊस पिकवणाऱ्या घरचा आहे. मळीचे पाणी जिथे पडते तिथे माशा इतक्या होतात, की तोंड उघडून बोलता येत नाही. या डबक्यावर एकही माशी नव्हती. कडेने मुंग्यांची रांग जशी चालत आली, तशीच मरून पडली होती.

"मॅडम, हे मळीचं पाणी नाही," मी म्हणालो. "माशा नाहीत."

त्यांनी वाकून डबके पाहिले. नंतर त्यांनी थोरल्याला विचारले, "टँकर कुणाचा?" तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

पाण्याचे नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवले आणि एक बाटली मॅडमनी ठाण्यात ठेवली. मळीच्या पाण्याच्या टँकरची चौकशी मी चार ठिकाणी केली होती. तिचा परिणाम आठवड्याच्या आत दिसला. कुपवाडच्या वसाहतीत वेल्डिंगचे दुकान चालवणाऱ्या एका कारागिराने निरोप पाठवला. मी साध्या वेशात दुचाकीवरून गेलो.

"तुमी मळीचा टँकर हुडकताय म्हणं," तो काम न थांबवता म्हणाला.

"तुझ्याकडं आहे का?"

"माज्याकडं तसलं लय येत्यात. मळीनं पत्रा कुजतो सायब, पर वरसा-दोन वरसानं. ह्यो एक टँकर हाय, त्येचं बूड म्हयन्यात चाळणी हुतंय. इचारलं तर म्हणतोय मळीच हाय. म्हणलं गड्या, तुजी मळी माजी बोटं खाया लागली." त्याने हातमोजा काढून दाखवला. बोटांची कातडी सोलून पांढरी पडली होती. "नाव माजं घालू नगा. तेवढं गिऱ्हाईक जाईल."

टँकरचा क्रमांक मिळाला आणि दोन दिवसांत टँकरचा मालक, जो स्वतःच चालकही होता, ठाण्यात आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गुलाल. प्रथम त्याचे एकच पालुपद होते.

"मळीचंच पाणी हाय मॅडम. शेतकऱ्यांची सेवा."

मॅडमनी ती बाटली त्याच्यापुढे ठेवली, खिडकी लावून घ्यायला सांगितली आणि म्हणाल्या, "मळीचंच आहे ना? मग झाकण उघडा."

त्याने खुर्ची मागे सरकवली. "ऱ्हाऊ द्या की."

"रायटर, तुम्ही उघडा."

मी हात पुढे केला. तो उठून उभाच राहिला. "आवं सायब, नगा उगडू. खोली बंद हाय."

त्याला हात न लावता, आवाज न चढवता, एवढ्यावर तो बोलता झाला. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूच्या एका रासायनिक कारखान्यातून तो टाकाऊ माल भरत असे. कागदोपत्री हा माल घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्रावर पोहोचत होता. प्रत्यक्षात, मळीचे पाणी म्हणून घेणारा शेतकरी भेटेल तिथे तो ओतला जाई. "आदी म्हयन्याला एक खेप असायची," तो म्हणाला. "मग हप्त्याला झाली. आता दोन दिसाआड भरतोय. त्यांचा माल वाढला, तशी घाण वाढली. मी एकटा किती वडू?"

हद्द सातारा जिल्ह्याची असल्याने आम्ही प्रथम तेथील ठाण्यात नोंद केली आणि प्रदूषण खात्याचे एक अधिकारी सोबत घेऊन कारखान्यावर गेलो. आवारात हिरवळ होती. व्यवस्थापक अत्यंत नम्र मनुष्य. मुले पाचगणीला वसतिगृहात असतात, तिथली हवा मानवते, असे त्यांनी चहा देता देता सांगितले. मॅडमनी दोन नोंदवह्या मागवल्या. एक उत्पादनाची, दुसरी घातक कचऱ्याची. त्या शेजारी शेजारी उघडून त्यांनी बोट फिरवले.

"उत्पादन दरवर्षी वाढलंय."

"होय मॅडम. बाहेरच्या देशांतून मागणी आहे."

"आणि कचरा दरवर्षी कमी झालाय."

"प्रक्रियेत सुधारणा केली आम्ही. आता शून्याकडे चाललोय."

प्रदूषण खात्याचे अधिकारी हळूच म्हणाले की या प्रकारच्या मालात जितके उत्पादन तितका गाळ निघतोच. व्यवस्थापक हसले आणि म्हणाले, "कागद पाहा ना साहेब." त्यांनी वाहतुकीच्या चलनांची फाइल पुढे केली. प्रत्येक चलनावर पाठवणाऱ्याची, चालकाची व स्वीकारणाऱ्या केंद्राची सही आणि शिक्का. कोठेही उणीव नव्हती. अधिकाऱ्यांनी ती पाहिली, मॅडमनी पाहिली, मग माझ्याकडे आली.

मी पाने उलटली आणि मला खूण पटली. एकाही चलनाला घडी नव्हती. चालकाच्या प्रतीचा कागद त्याच्या शर्टाच्या खिशातून प्रवास करतो. त्याला चार घड्या पडतात, घाम लागतो, तंबाखूचा चुना लागतो. ही सर्व पाने दुकानातून आत्ताच आणल्यासारखी सपाट होती. पावसाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या चलनांवर एकाच पेनाची एकाच दाबाची शाई होती. एका बैठकीत लिहिलेले कागद मी ओळखतो, कारण तसे कागद नोकरीत मीही लिहिले आहेत. मॅडमना हे मी बाजूला घेऊन सांगितले, शेवटचे वाक्य वगळून.

चलने ठेवणाऱ्या कारकुनाला बोलावून झडती घेतली. स्वीकारणाऱ्या केंद्राचा बनावट शिक्का त्याच्याच कपाटात, स्टेपलरच्या पिनांच्या डब्यात मिळाला. व्यवस्थापकांनी नोंदवह्या मिटल्या. नंतर म्हणाले, "माल दुप्पट काढा म्हणून वरून रोज फोन येतो. घाण कुठे ठेवायची, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीच पहिल्या."

मॅडम म्हणाल्या, "मी पहिली नाही. घाण कुठे ठेवता, हे पहिल्यांदा विहिरीत उतरलेल्याला कळलं."

आता गुन्हा नोंदवायचा होता आणि त्यासाठी फिर्याद हवी होती. मळीचे पाणी असे सांगून विष ओतले, हे फक्त थोरला भाऊ सांगू शकत होता. परंतु तो मळीचा उल्लेखच करू देईना. "न सांगता वतून गेले आसं लिवा," एवढाच त्याचा हट्ट. तेव्हा त्याच्या गप्प बसण्याचा उलगडा झाला. टँकर त्याने स्वतः बोलावला होता. धाकटा तेव्हा नोकरीवर होता आणि त्याला हे ठाऊक नव्हते. खालचे क्षारपड रान सुधारेल या आशेने, तिथे थोडे थोडे सोडायला म्हणून थोरल्याने जुनी विहीर या पाण्याने भरून घेतली आणि ज्या दिवशी भाऊ तिच्यात उतरला, त्या दिवशी तो काठावर उभा राहून दोर धरत होता. खुनी म्हणून तुरुंगात जाणे त्याला चालणार होते. हे घरात कळणे चालणार नव्हते.

मॅडमनी त्याला समजावले, की न सांगता ओतले असे लिहिले तर टँकरवाला सुटेल, कारखाना सुटेल आणि मयताच्या मेहुण्याची खुनाची तक्रार तेवढी उरेल. शेवटी तो सांगत गेला व मी लिहीत गेलो. फिर्याद पूर्ण वाचून दाखवण्याचा नियम आहे. मी खणखणीत आवाजात वाचली. दाराबाहेरच्या बाकावर मयताची पत्नी बसली होती, याचे भान मला राहिले नाही.

वाचून झाल्यावर थोरल्याने पेन घेतले आणि तसेच धरून बसला. ती पदर सावरत आत आली.

"तुमी बोलवला हुता टँकर?" तिने विचारले.

"व्हय."

"त्यास्नी का सांगितलं न्हाई, उतरताना?"

"मला मळीच वाटली गं. मळीनं माणूस मरत न्हाई."

तिने फिर्यादीचा कागद त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "सही करा भावजी. न्हाईतर आमचं मालक नुसतं पाय घसरून मेलं, आसंच कागदावर ऱ्हाईल."

त्याने सही केली. तिने भावाकडून खुनाची तक्रार मागे घेववली. मात्र त्या दिवसानंतर एकाच घरात राहून ती दिराशी एक शब्दही बोलली नाही, असे पोलीस पाटलाकडून समजले.

प्रयोगशाळेच्या अहवालात विषारी वायूने मृत्यू झाल्याचे स्पष्ट झाले. दोषारोपपत्र गेले. सर्व आरोपी जामिनावर आहेत आणि खटला चालू आहे. माझी साक्ष झाली, तेव्हा बचावाच्या वकिलांनी माझा पहिला पंचनामा माझ्याच हातात देऊन 'पाय घसरून' ही ओळ मला तीन वेळा मोठ्याने वाचायला लावली. मी वाचली. त्यानंतर दोन वर्षांनी मी नोकरी सोडली. त्या ओळीमुळे सोडली असे म्हणणार नाही, पण मुळीच संबंध नव्हता असेही लिहिता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात थोरला माझ्या टेबलाशी आला. खूप खंगला होता. विहीर शासनाने गाळ काढून बुजवली आहे, परंतु शेजाऱ्याच्या बोअरला आता पिवळे पाणी येऊ लागले आहे आणि त्याच्या घरात लहान मुले आहेत. त्या घराला पिण्याच्या पाण्याची सोय व्हावी असा अर्ज द्यायचा होता. शेजाऱ्याने नव्हे, यानेच.

मी माझ्या पद्धतीने मायना घातला आणि कारण लिहिले, 'अज्ञानामुळे व फसवणुकीमुळे सदर द्रव्य माझ्या विहिरीत सोडले गेले.' वाचून दाखवले.

"अज्ञान कशाला लिवताय सायब?" तो म्हणाला. "वास येत हुता मला. पयल्याच टँकरला आला हुता. फुकाट हाय म्हणून मी इचारलं न्हाई. तेवढंच लिवा."

अशाने अर्ज कमजोर होतो, असे मी त्याला सांगितले. अर्जदाराने स्वतःवर दोष घ्यायचा नसतो, हा या धंद्यातला पहिला नियम आहे. तो ऐकून घेत उभा राहिला आणि पुन्हा तेच म्हणाला. माणसे बोलतात ते शब्द सोडून शोभणारे शब्द कागदावर घालण्यात माझा जन्म गेला आणि त्यातलीच एक ओळ मी न्यायालयात उभा राहून तीन वेळा वाचली होती. मी नवा कागद घेतला आणि त्याने सांगितले तसे लिहिले.

सही करताना त्याने विचारले, "ह्यानं पानी मिळंल न्हवं त्या पोरांस्नी?"

मला माहीत नव्हते. तसे मी त्याला सांगितले.