अक्काच्या हातमोज्यांची बॅटरी

नांदेड सोडलं तेव्हा ऊन वर आलं होतं, तरी मोटारसायकलवर वारा झोंबत होता. मला फिकीर नव्हती. माझ्या हातमोज्यांत तारा आहेत. गाडीच्या बॅटरीला वायर जोडली की बोटं शेकत राहतात. या खेपेला पिशवीत एक नवी चीजही होती. खिशात मावणारी बॅटरी, म्हणजे गाडीवरून उतरलं तरी मोजे गरम. ती माझ्या थोरल्या बहिणीसाठी, अक्कासाठी घेतली होती.

मुखेडच्या पुढे तूर उभ्या उभ्या वाळलेली. एका तळ्याच्या तळाशी म्हशी चरत होत्या.

अक्काचं गाव उदगीरजवळ. शरणार्थ (आमच्याकडचा नमस्कार) झाला, गरम धपाटे पुढ्यात आले. गावाला पाणी टँकरचं, तेही पहाटे. थंडीत अक्काची बोटं वळत नाहीत. गेल्या आठवड्यात भरलेली घागर सुटून पाणी मातीत गेलं. परवा येळवस (शेतात पूजा करून जेवायची अमावास्या). आंबिलीला (ताकात आंबवलेलं ज्वारीच्या पिठाचं पेय) उद्याचं पाणी हवंच. मी भरतो म्हटलं.

"आज तू भरशील, तू गेल्यावर?" अक्का म्हणाली. "येळवसीचं पाणी मीच भरनार."

मी माझे मोजे तिच्या हातांत घातले आणि नवी बॅटरी जोडली. तिनं हात गालाला लावले आणि हसली.

संध्याकाळी लाइट गेली. टँकर कधी येतो ते ड्रायव्हर फोनवर कळवतो, आणि गल्लीतले सगळे फोन मरायला टेकलेले. अक्कानं खुशाल माझी बॅटरी ओट्यावर मांडली. एकेक जण तिच्यावर फोन चार्जिंगला लावून तिथंच बसला. उदगीर जिल्हा होणार की नाही यावर अशी जुंपली, की पुरावा म्हणून प्रत्येकानं चार-चार व्हिडिओ दाखवले. जिल्हा तिथंच राहिला, बॅटरी पार झोपली.

पहाटे ते कळलं आणि माझं डोकं फिरलं. अक्का शांत.

"शेजाऱ्याचा फोन बंद अन् माझे हात गरम, बरं दिसतंय का बापू?"

मी मोटारसायकलच रांगेत नेली. अक्का मोजे घालून बाजूला उभी, वायर गाडीला. रांग सरकली की रात्री जिल्हा मागणारेच गाडी ढकलायचे. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. नंबर आल्यावर अक्कानं मोजे काढले, घागर भरली, उचलली आणि घरापर्यंत नेली. थेंब सांडला नाही.

घागर टेकवून ती हातांकडे बघत राहिली. "बोटं माझीच हायेत, लई दिसानं कळलं."

गाडीची बॅटरीही उतरली होती. पोरीबाळींसकट सगळ्यांनी धक्का मारून गाडी चालू केली.

येळवस जेवून निघालो. मोजे आणि बॅटरी तिथंच ठेवली. लाइट असली की बॅटरी चार्ज करायची आणि टँकर येईपर्यंत तिच्यावर कुणी फोन चार्ज करायचा नाही, असं गल्लीनं आपसांत ठरवलं होतं. अक्कानं बरणीत आंबील दिली.

मुखेडला पोचेस्तोवर हात लाकूड झाले. चहाच्या टपरीवर बरणीचं झाकण काही केल्या फिरेना. शेवटी टपरीवाल्यानं उघडून दिलं. आंबील प्यायलो, पण किती तरी वेळ अक्काची ती सुटलेली घागरच डोळ्यांपुढे होती.