सडकेखालचं कीट

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी वडील नगरला, माझ्या भाड्याच्या खोलीत वारले. स्मशानात मडकं फोडायला मी वाटेवरचा एक दगड उचलला. दहा दिवस त्याच जीवखड्याला पाणी द्यायचं असतं. गेलेल्याचा जीव त्यात असतो, म्हणतात. मला ते खरं वाटत नव्हतं, म्हणून असेल, उचलताना मी दगडाकडे पाहिलंही नाही. घराण्याची रीत आठवली ती घरी आल्यावर.

राजूरच्या पलीकडे डोंगरात आमचे पूर्वज लोखंड गाळत. भट्टी विझून पिढ्या लोटल्या, पण जागा तशीच राहिली होती. तांबडी माती खणलेले खड्डे, भट्टीचं भाजून कडक झालेलं मातीचं कडं, आणि शेजारी कीट. म्हणजे लोखंड गाळून उरलेल्या काळ्या, जड, भोकाभोकांच्या ढेकळांचा ढीग. त्याला कुणी हात लावत नसे. घरातलं माणूस गेलं तरच एक ढेकूळ उचलायचं, जीवखड्यासाठी.

सातव्या दिवशी एस.टी.ने राजूरला उतरून चालत गेलो. लांबूनच हातोड्यांचा आवाज आला. ढीग नव्हता. दुष्काळी कामावरच्या बाया सडकेसाठी खडी फोडत होत्या, आणि खडी काळी, भोकाभोकांची होती. त्यांच्यात आत्या होती, वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, नवरा गेल्यावर माहेरी राहिलेली.

"आलास व्हय, मास्तर?" हातोडी न थांबवता ती म्हणाली. "बाप गेल्याची खबर पत्रानं आली. मला वाटलं, तूबी पत्रानंच येशील."

"आत्या, एक ढेकूळ पाहिजे."

शेजारची बाई हसली. "सडकंवरून येचा की. तुमचे समदे पूर्वज तिथंच निजवलेत आमी."

"गप गं." आत्याने हातोडी ठेवली. "पोटानं फोडलं, बाबा. मी न्हाई."

मग बुडाखालचं गोणपाट उचलून तिने मुठीएवढं अख्खं ढेकूळ काढलं. "माझ्यासाठी ठेवलं हुतं. पर माझ्यामागून आला नि म्होरं पळाला तुझा बाप. घे."

"आणि तुला?"

"खडी काय कमी हाय?"

नको म्हणायला हवं होतं. मी ते पिशवीत टाकलं.

पावसाळ्याआधी आत्या गेली. तिरडी बांधून होईपर्यंत मी सडकेवर उकिडवा बसून दाबलेल्या मुरमात बोटांनी उकरत होतो. सुपारीएवढा तुकडा हाती लागला. त्याने मडकं फुटलं नाही.