वासंती कासारणीची बोटं

देवासला टेकडीखालच्या गल्लीत वासंती कासारणीकडे बांगड्या भरलेली कुठलीही बाई एक गोष्ट हमखास सांगे, की ती हाताकडे बघतच नाही. ती बघे बाईच्या तोंडाकडे. माहेरच्या चौकश्या चालत आणि खाली तिची बोटं पंजा चेपत, अंगठा तळव्यात मुडपत, हाडं कुठे नमतात ते हुडकत. बाईचं उत्तर पुरं होईस्तो बांगडी मनगटावर. हाताकडे बघून बांगडी भरतो तो नवशिका, असं तिच्या सासूबाई म्हणत.

गेल्या वर्षी तिच्या छातीतली गाठ काढली. इंदूरला औषधाच्या बाटल्या चढल्या. केस गेले, ते परत आले. बोटांना मात्र हातमोजे चढल्यासारखं झालं, ते काही उतरलं नाही.

तिची भाची ऋजुता इंदूरच्या कॉलेजात शरीरशास्त्र शिकवते. दिवाळीला आली तेव्हा तिनं आत्याला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या जाड दोऱ्याचा तुकडा हातात घेतला.

"बोटाला लागलं की सांग."

"लागलं," वासंती म्हणाली. "हां, आता पण लागलं."

डोळे उघडले तर दोरा ऋजुताच्या मांडीवरच होता.

"काय झालंय गं माझ्या बोटांना?"

"कातडीत नसांची टोकं असतात, आत्या. त्यांच्यावर पातळ पापुद्रा, आणि पापुद्र्यात डोळ्यांना न दिसणारी दारं. कातडी दाबली की पापुद्रा ताणला जातो, त्या ताणानंच दार उघडतं. बाहेरच्या क्षारांचे कण आत शिरतात. त्यांच्यावर विजेचा भार असतो, म्हणून नसेत लहर उठते आणि मेंदूला कळतं, काहीतरी लागलं. दाब तसाच राहिला तरी बरीचशी दारं लगेच मिटतात."

"म्हणून नवी बांगडी घटकाभरात विसरायला होते?"

"म्हणूनच. हलली की परत कळते."

"मग माझी दारं मिटलीत म्हणायची."

ऋजुतानं दोरा बाजूला ठेवला. "दारं ज्यात बसवलेली असतात ती नसांची टोकंच औषधानं झडलीत. काही वाढतील कदाचित. नाहीही वाढणार. तोवर काच रुतली तरी तुला कळायचं नाही. हाताकडे बघून काम कर."

"बघून!" वासंती हसली. "लोक म्हणतील, कासारीण संपली."

माघात धारहून निरोप आला. सावित्रीबाईंच्या नातीचं, अंकिताचं लग्न होतं. सावित्रीबाईंचा चुडा वासंतीच्या आजेसासूबाईंनी भरलेला, त्यांच्या सुनेचा वासंतीच्या सासूबाईंनी. वासंतीच्या तोंडून नाही निघेना. बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन ती बसनं गेली.

अंकिता पाटावर बसली होती, भोवती घरच्या बायका. वासंतीनं तिचा पंजा हातात घेतला. ऋजुताचं बोलणं आठवलं, मान खाली वळलीही. पण सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच होत्या. ती अंकिताच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "सासर कुठलं गं?"

"नासिक, मावशी."

मुलीचा हात लहान, पहिल्या बांगड्या सहज सरल्या. मग एक कडकन गेली.

"वाढवली," वासंती म्हणाली. तुकडे ताटात टाकून तिनं पुढची घेतली.

अंकिताचे डोळे भरून आले. "मावशी, लग रहा है."

"लागणारच. रडायचं ते कासारणीपुढे रडून घे. तिकडे रडलीस तर सासू म्हणेल, बहू रोतली आणली."

बायका हसल्या.

"नहीं मावशी, सच में..."

"अगं, नासिक आहे, काळं पाणी नव्हे!"

पुन्हा हशा उठला. चुडा भरताना मुली रडायच्याच, आणि कासारणीनं त्यांना चिडवायचंच. किती जोर लागतोय ते बोटं सांगत नव्हती, म्हणून वासंतीनं आणखी दाबलं.

सावित्रीबाई पुढे वाकल्या. "वासंती, हाताकडे बघ."

तिनं बघितलं. फुटलेल्या बांगडीची काच तिच्या अंगठ्यात रुतून उभी होती आणि त्याच अंगठ्यानं ती मुलीचा तळवा चेपत होती. हळदीच्या तळव्यावर ओरखडे उठले होते, रक्त हिरव्या काचेवर उतरलं होतं. कुणाचं किती, सांगता येत नव्हतं. आता कुणी हसत नव्हतं.

"पुरे बाई," सावित्रीबाई हळूच म्हणाल्या. "ऊठ आता."

दुसरा हात पार्लरच्या मुलीनं साबण लावून भरला. वासंती अंगठ्याला चिंधी बांधून दाराशी बसली होती. निघताना सुनेनं तिची खण-नारळानं ओटी भरली. मग सावित्रीबाईंनी नातीला पुढे केलं. "पाया पड. चुडा त्यांचा आहे."

अंकिता पट्टी बांधलेला हात सावरत वाकली. वासंतीनं आशीर्वादाला हात पुढे केला, तोंडानं "अखंड सौभाग्यवती भव" म्हणाली, आणि नजर सवयीनं समोरच राहिली. हाताला केस लागेनात. लागले असतील नि कळलं नसेल, असं वाटून ती तशीच थांबली. मुलगी वाकूनच होती.

शेवटी वासंतीनं खाली बघितलं. हात डोक्याच्या वीतभर वर, नुसता हवेत होता.

नजर न हलवता तिनं तो हळूहळू खाली नेला.