उल्हासनगरच्या जमिनीवर उजेडाची रांगोळी

सुमनची रांगोळीची वही पिशवीत घातली आणि चार वाजता बदलापुरातून निघालो. सुमन माझी बायको. दिवाळीच्या तोंडावर गेली. वहीतलं शेवटचं पान एकवीस ठिपक्यांचं. त्या दिवाळीला दारात घालायचं होतं, राहिलं. शेजारी म्हणाले, उल्हासनगरात कलाकार उजेडानं बिल्डिंगवर चित्रं काढतात. मला रांगोळी येत नाही. म्हटलं, तिथं तरी ती एकदा पडू दे.

रिक्षानं अंबरनाथ. आनंदनगरच्या कारखान्यांचा वास नाकात बसला की गाव आलं समजावं, पाटी वाचायला नको. रस्त्याला नवे टॉवर. प्रत्येकाच्या जाहिरातीत धबधबा आणि प्रत्येकाच्या गेटात पाण्याचा टँकर.

उल्हासनगरात एका सिंधी कापडवाल्याला पत्ता विचारला. त्यानं स्टूल पुढं केलं.

"साईं, पहले पापड-पाणी." (साईं म्हणजे आपलं दादा, काका, सगळं. त्यांच्यात आल्यागेल्याला आधी पापड आणि पाणी देतात.)

"बिल्डिंगवरची चित्रं बघायचीत," मी म्हटलं.

"सामनेवाली. पण आज चित्र कम, साहेब जास्ती. इथल्या पुढाऱ्याचा बर्थडे आहे ना."

अंधार पडल्यावर भिंतीवर उजेड पाडायचं मशीन सुरू झालं. चालवणारी एक तरुण बाई. म्हणाली, "आधी भिंतीचं माप घेते, बाबा. खिडक्या, छज्जे कॉम्प्युटरवर आखते. मग उजेड बरोबर त्यात बसतो."

भिंतीवर आधी धबधबा आला. नळाला पाणी नसलेल्या बिल्डिंगीनं तो खाली उभं राहून पाहिला. मग साहेब आले, पाच मजली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर साहेबांच्या नाकपुडीतून एका बाईनं ओला परकर वाळत टाकला. कार्यकर्त्यांच्या भीतीनं कुणी हसलं नाही. मी हसलो. माझं आता कोण काय करणार?

मशीनवाल्या बाईला वही दाखवली. ती पान बघत राहिली.

"भिंत साहेबांची आहे, बाबा. त्यांना उतरवलं तर मला उतरवतील. दुसरं मशीन खाली गेटापुढं त्यांचं नाव पाडतंय, ते कुणी वाचत नाही. जमीन चालेल?"

"रांगोळी जमिनीवरच घालतात, बाई. भिंतीवर तुम्ही चढवलीत."

तिनं मोबाइलवर पानाचा फोटो काढला. साहेबांचं नाव गेलं आणि सुमनचे ठिपके पडले, मग एकेक रेघ. इतका वेळ नावावरून खुशाल चपला घालून जाणारे लोक थबकले. पिशव्या सावरत कडेनं जायला लागले. हार घेऊन आलेला कार्यकर्तासुद्धा भिंतीला घासत गेला.

"अहो, उजेड आहे, पुसायचा नाही," बाई सांगत होती. कुणी ऐकेना.

तीस वर्षं कामावर जाताना मी सुमनची रांगोळी तुडवली. ती आतून म्हणायची, "अहो, खाली बघा." मी घड्याळ बघायचो.

दहा मिनिटांनी साहेबांचं नाव परत आलं, आणि लोक त्यावरून चालायला लागले.

बदलापूरला घरी पोचलो. मशीन भारी आहे, पण इथवर त्याचा उजेड येत नाही. दारात काहीच नव्हतं. खाली बघितलं आणि कडेनं आत गेलो.